शिवेच्या कोटाची हजेरी

पुणे,
रविवार, ता. २२ ऑक्टोबर १९४४

ती. सौ. द्वारकाताईस हरीचा साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. अनारसे वाटेत मोडले, तेव्हा चमच्याने खाल्ले. चकल्या शाबूत होत्या, त्या शेजारच्या बिऱ्हाडाने संपवल्या. मी इकडे ठीक. रॉकेल मिळत नाही म्हणून वाचन दिवसाउजेडीच उरकतो.

आता कामाचं. दप्तरखान्यात मोडी कागद उतरवून उतरवून माझी बोटं वाकडी झाली. त्या कागदांत आपला शिवेचा कोट सापडायला लागलाय. फाल्गुनातल्या संमेलनात त्याच्यावर निबंध वाचायचं मी कबूल करून बसलोय. आबांच्या डोक्यात हे किती वर्षं होतं तुला ठाऊक आहे. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या त्या सोंडेवर एक राज्य संपायचं आणि दुसरं सुरू व्हायचं. घाटावरचे खाली उतरू नयेत आणि खालचे वर चढू नयेत म्हणून तिथे एवढासा कोट. तीनशे वर्षांपूर्वी वेढा पडला आणि आतले सगळे दरवाज्यात लढून पडले. त्यांत आपला मूळ पुरुष, कोटाचा सबनीस, म्हणजे हजेरीपत्रक ठेवणारा. आपलं आडनाव त्याच्यापासून, आणि देव्हाऱ्यातली ती पितळी नळीही त्याचीच. दर दसऱ्याला गंध लावायचं, उघडायची नाही. इथे ट्रंकेवर देव मांडलेत त्यांत तीही आहे. परवाच्या दसऱ्याला गंध लावलं, काळजी नको.

माझं मागणं एवढंच. कोटाच्या पायथ्याला कोटवाडीत मेटकऱ्यांचं एक घर उरलंय. मेट म्हणजे गडाखालची चौकी, तिथले हे वंशपरंपरेचे राखणदार. त्यांच्यात अजून कोटाची हजेरी घेण्याची काही चाल आहे असं ऐकतो. कडावहून तुला जवळ. भाऊजींना शाळेतून रजा मिळाली तर दोघं जाऊन या, आणि तो म्हातारा काय म्हणतो ते शब्द न शब्द लिहून पाठव. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, हे एकदाच कबूल करतो.

तुझा,
हरी


कडाव,
शुक्रवार, ता. १७ नोव्हेंबर १९४४

चि. हरीस अनेक आशीर्वाद.

अक्षराचं कबूल केलंस ते पत्र मी जपून ठेवलंय. लग्न ठरलं की तुझ्या बायकोला दाखवीन.

जाऊन आले. ह्यांना भातझोडणीमुळे मुलंच शाळेत नाहीत, तरी म्हणे हेडमास्तरनं शाळा सोडायची नाही. म्हणून घरकामाला असलेल्या आमच्या जनाला बरोबर घेतलं आणि बैलगाडीनं कोटवाडी गाठली. मेटकऱ्याचं नाव मालोजी. सत्तरीचा असेल, पण चढणीला माझ्या पुढे. बायको सोनाबाई, अंगानं काटकुळी आणि बोलायला तिखट. एकुलता मुलगा नामा खोपोलीच्या वीजघरात कामाला आहे, आठवड्यानं येतो.

मालोजी म्हणाला, "हजेरी अवसेला असते, बाई. परवा हाय. बघायची तर ऱ्हा." राहिले. परवा अवसेला दुपार कलल्यावर वर निघालो. वाटेत करवंदीच्या जाळीपलीकडून कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. मी आबांची शिकवण मोडली नाही. पहिल्या हाकेला गप्प, दुसरीला गप्प. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी आली तर माणूस समजावं आणि मग ओ द्यावी. तिसरी आली, वळून बघते तर जना. तिच्या पायात काटा मोडलेला आणि तोंडात माझ्या नावानं शिव्या.

वर काय आहे? तट सगळा ढासळलाय. दरवाजा तेवढा उभा, भिंतींवाचून नुसताच. त्याच्या आत डाव्या हाताला पहारेकऱ्यांची देवडी, तिच्यात एक कोनाडा. मालोजीनं पळसाची पानं मांडली, एकेका पानावर मुठीएवढा भात. मी मोजली, सतरा. दिवेलागण झाली तसा तो दरवाज्यात उभा राहिला आणि एकेक नाव घ्यायला लागला. "बुधाजी वल्द रायाजी." थांबायचा. मग स्वतःच हळूच म्हणायचा, "हाजीर." पुढचं नाव. असं सगळं चाललेलं. मला आधी हसू येत होतं, खरं सांगते. पाढे म्हणणाऱ्या पोरांची आठवण झाली.

अकराव्या नावाला मालोजीला ठसका लागला. तो वाकून खोकत होता, तोंडाला तांब्या लावलेला. आणि "हाजीर" आलं. आतून, मोकळ्या जागेतून, जिथे कारवीशिवाय काही नाही. जनानं माझा दंड धरला, अजून वळ आहे. मालोजीनं तोंड पुसलं आणि बारावं नाव घेतलं.

सतरा झाल्यावर तो म्हणाला, "सतरा हाजीर. एक ऱ्हायला." खाली उतरल्यावर मी विचारलं, कोण राहिला? म्हणाला, "जो हजेरी घ्यायचा तो. तो खाली गेला. बदलीचा हुकूम घिऊन येतो, तवर जागा सोडू नका म्हनला. गेला तो गेला. तवापून आमच्या घरचा मानूस हजेरी घेतो. त्याला समदे कारकून म्हनायचे, नाव आमच्या वाडवडलांना कळलंच नाय. नाव असतं तर गैरहजर म्हनून तीन हाका घातल्या असत्या. तो आला की ही मानसं सुटली. आमीबी सुटलो."

सुटलो म्हणजे काय ते सोनाबाईनं चुलीपाशी सांगितलं. हजेरी घेणाऱ्यानं कोटाची सावली सोडून निजायचं नाही, अशी अट आहे. मालोजीनं जन्मात खोपोली बघितलेली नाही. तो गेला की हे नामाच्या गळ्यात. "माझं पोर दिव्याच्या उजेडात काम करतंय, बाई," म्हणाली, "त्याला ह्या दगडात नका आनू."

हे म्हणतात, डोंगरात आवाज फिरतो, त्यात नवल नाही. असेल. तू तेवढं त्या अठराव्याचं नाव कागदांत शोध. म्हाताऱ्याच्या हातून हजेरी पुरी होऊ दे. पुण्य लागेल.

सतरा नावं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत.

तुझी,
ताई


पुणे,
रविवार, ता. ३ डिसेंबर १९४४

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा कागद मी दप्तरखान्यात घेऊन गेलो होतो. त्या काळचं हजेरीपत्रक मला गेल्याच महिन्यात सापडलं होतं. शेजारी शेजारी ठेवून वाचलं. सतराच्या सतरा नावं जुळली, त्याच क्रमानं. मालोजीला अक्षर येत नाही, त्याच्या बापाला येत नव्हतं, आणि तीनशे वर्षांत एक नाव इकडचं तिकडे झालेलं नाही. मी पुन्हा पहिल्या नावापासून बोट ठेवून वाचत गेलो. शिपायानं येऊन विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का.

अठराव्या नावाच्या जागी मात्र वाळवीनं खाल्लंय. नुसतं भोक आहे. तेव्हा त्याचा नाद सोडलेला बरा. आणि तू पुन्हा वर जाऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात, जनाला काटे मोडतात, कशाला हवंय. मला पाहिजे होतं ते मिळालं.

निबंधाचं काम जरा बाजूला ठेवलंय. डोळे थकलेत.

तुझा,
हरी


कडाव,
सोमवार, ता. १८ डिसेंबर १९४४

चि. हरीस आशीर्वाद.

लहानपणी माझी चांदीची फणी विहिरीत टाकलीस तेव्हाही वाळवीनं खाल्ली म्हणाला होतास. चांदीला वाळवी. तेव्हापासून तुझ्या तोंडून वाळवी ऐकली की मी ओळखते, ह्यानं काहीतरी दडवलंय.

अरे, मीही आबांचीच मुलगी आहे. हजेरी घेणारा म्हणजे सबनीस. सबनीस म्हणजे आपला मूळ पुरुष. त्या सतरांत तो नाही, तेव्हा अठरावा तोच. एवढं समजायला दप्तरखाना लागत नाही. आबा म्हणत होते दरवाज्यात पडला. मला वाटतं तो हुकूम आणायला शत्रूच्या गराड्यातून खाली गेला आणि येताना वाटेतच कापला गेला असेल. दरवाज्यात नाही तर दरवाज्याच्या वाटेवर. मला तर त्यात जास्तच मोठेपणा दिसतो. मग नाव सांगायला लाजतोस कशाला?

परवाच्या अवसेला मी गेले होते. तू नको म्हणालास म्हणून मुद्दाम नव्हे, सोनाबाईनं निरोप धाडला होता. नामा आला होता. बापलेकांचं वाजलं. नामा म्हणाला, "मी नाय करनार. दगडाशी बोलायला मला येळ नाय." मालोजीनं पळसाची पानं उचलली. वर चढताना दोनदा बसला. ह्या पावसाळ्यापलीकडे तो जाईल असं मला वाटत नाही, हरी. आणि त्याला मरणाची भीती नाही, पोराची आहे.

तू नाव देणार नसलास तर मी काढीन. आबांची ट्रंक माझ्याकडेच आहे.

तुझी,
ताई


पुणे,
गुरुवार, ता. ११ जानेवारी १९४५

ती. सौ. ताईस नमस्कार.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तीन आठवडे त्यात गेले. आता टाकतोच.

वाळवी नव्हती. नाव स्वच्छ आहे. आणि त्याच दप्तरात त्या नावाचा एक अर्ज आहे. कोट पडल्यानंतर वर्षभरानं आपल्या मूळ पुरुषानं सरकारात दिलेला. सतरा असामी दरवाज्यात लढून कामास आले, मी एकटा जखमी होऊन वाचलो, तरी माझी दाद घ्यावी. त्या अर्जावर त्याला कुलकर्णीपणाचं वतन मिळालं. आबांच्या शाळेचा खर्च त्यातला, तुझ्या लग्नाचे दागिने त्यातले, माझं मोडी त्यातलं.

त्याच दप्तरात त्या वेळच्या मेटकऱ्याचा जबाब आहे. तो म्हणतो, कोटात लढाई झालीच नाही. सबनीस पौषात खाली गेला. त्यानंतर चैत्रापर्यंत कोटावर धूर दिसे. पुढे धूर बंद झाला, पण दिवेलागणीला नावं घेतल्याचा आवाज येई. ती माणसं आपली आपण हजेरी देत होती. धान्य संपलं, तरी जागा सोडायचा हुकूम नाही म्हणून एकही खाली आला नाही. जबाबावर शेरा आहे, मेटकरी वेडसर दिसतो, सोडून द्यावा.

हे वाचल्यावर मी घरी आलो आणि नळी उघडली. झाकणावर तीनशे दसऱ्यांचं गंध बसलेलं, सुरीनं खरवडावं लागलं. आत हुकूम आहे, ताई. शिक्क्यासकट. "कोटाचे सतरा असामी यांसी रजा दिली असे. कोट मोकळा करून खाली येणे." खाली सतरा नावं. तो हुकूम आपल्या माणसाच्या हातात होता. वर जायची वाट दोन कोसांची. तो चढला नाही. भ्याला असेल, थकला असेल, देव जाणे. उद्या जाऊ म्हणाला असेल. मी हे पत्र तीन आठवडे टाकलं नाही, तेव्हा मला ते कळतं.

आणि आपण त्या हुकुमाला गंध लावत आलो.

हे कुणाला सांगू नकोस. आबांच्या नावासाठी तरी. मालोजीला तर मुळीच नाव सांगू नकोस. ते नाव माझंच आहे. हरी विसाजी सबनीस. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, तसं ते एकाआड एक फिरत अकराव्या पिढीत माझ्यावर येऊन बसलंय, बापाच्या नावासकट. त्या दरवाज्यात ते कुणी मोठ्यानं घ्यावं हे मला सोसणार नाही.

हरी


कडाव,
सोमवार, ता. १५ जानेवारी १९४५

चि. हरीस आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल.

तुझं पत्र नाही. रागावलास वाटतं. आता राग जाईल अशी गोष्ट सांगते.

आबांच्या ट्रंकेत तळाशी वंशावळ सापडली. त्यांच्या हातची, लाल शाईनं. सगळ्यांत वर नाव, हरी विसाजी. तुझंच रे. मला इतकं भरून आलं की मी ती ह्यांना वाचून दाखवली. बारशाला आजी म्हणाली होती, हे नाव मोठ्या माणसाचं आहे, सांभाळून वापरा. तू सांभाळलं नाहीस ते सोड.

काल संक्रांत आणि अवस एकाच दिवशी आली. तिळगूळ घेऊन कोटवाडीला गेले आणि मालोजीला नाव दिलं. त्यानं ते चारपाच वेळा पुटपुटून घोळवलं. सोनाबाई देवापुढे डोकं टेकून रडली. वर अठरावं पान मांडलं, त्यावर भात आणि मी ठेवलेली तिळाची वडी.

सतरा हाजीर झाले. मग मालोजी घाटाकडे तोंड करून उभा राहिला. "हरी विसाजी सबनीस." काही नाही. दुसऱ्यांदा हाक घातली. काही नाही. वारासुद्धा पडला होता. तिसऱ्यांदा त्यानं बेंबीच्या देठापासून हाक मारली, आणि खूप लांबून, बोरघाटाच्या अंगानं ओ आली. "आलो."

मी ऐकलं. जनानं ऐकलं. मालोजी खाली बसला आणि म्हणाला, "येतंय. पुढच्या अवसेला येल." त्याच्या चेहऱ्यावर मी असं समाधान कधी बघितलं नव्हतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, घाटात गाडी शिटी देते. मी वाद घातला नाही.

तुझ्या निबंधाला शेवट मिळाला की नाही? आता तरी लिही.

तुझी,
ताई

ता. क. पत्र बंद करताना पोस्टमन आला. तुझं ११ तारखेचं पाकीट आहे. वाचून हेच पत्र टाकते. फाडायला हात धजत नाही. हरी, मला माहीत नव्हतं.


पुणे,
शुक्रवार, ता. १९ जानेवारी १९४५

ती. सौ. ताईस नमस्कार.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी वेळेवर लिहिलं असतं तर तू नाव दिलं नसतंस. एवढं झाल्यावर आता काही लपवत नाही.

रविवारी संध्याकाळी मी देवापुढे निरांजन लावत होतो. खाली गल्लीत पोरं तिळगूळ वाटत फिरत होती. दाराबाहेरून कुणीतरी माझं नाव घेतलं, पुरं, बापाच्या नावासकट. पुण्यात मला असं कोण हाक मारणार? आबांची शिकवण म्हणून गप्प राहिलो. दुसरी हाक आली. गप्प राहिलो. तिसरी आली. तिसरी आली म्हणजे माणूसच, म्हणून मी निरांजन खाली ठेवलं आणि "आलो" म्हणून दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं.

भूत दोनदा हाक मारतं हे आबांनी सांगितलं, पण माणूस भुतासाठी तीनदा हाक मारतो हे नाही सांगितलं.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला मला धाप लागते. खुर्चीत बसलेला असतो आणि चढण चढल्यासारखा ऊर फुटतो. घटकाभरानं जाते. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. काल धोतर वाळत घालताना बघितलं, निऱ्यांना कुसळं लागलीत. डोंगरातल्या गवताची. मी दप्तरखान्याखेरीज कुठे गेलेलो नाही, ताई.

हरी


कडाव,
मंगळवार, ता. २३ जानेवारी १९४५

चि. हरीस,

मी कालच मालोजीकडे जाऊन आले. त्याला सगळं सांगितलं, आपल्या माणसानं काय केलं तेही. तो रागावला नाही. मी म्हटलं, हाक परत घे, तो माझा भाऊ आहे, तो नव्हे. म्हणाला, "बाई, हाक परत घ्याया आली असती. पन ओ आली हाय."

तू येऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ. सोनाबाई म्हणते अवसेचा दिवस घरात काढला की टळतं. हे १० तारखेला पुण्याला येतायत. अवस १२ ला आहे. तोवर तू खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. शिव्या दे, भांड, पण बस. त्या सतरा जणांचं मलाही वाईट वाटतं, रे. पण मला भाऊ एकच आहे.

तुझी,
ताई


कोटवाडी,
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९४५, दुपार

ती. सौ. ताईस,

भाऊजींना वर्तमानपत्र आणायला पाठवलं आणि गाडीत बसलो. त्यांच्यावर रागावू नकोस, ते दोन दिवस माझ्या दाराला पाठ लावून बसले होते. कर्जतला उतरून तुझ्याकडे न येता सरळ इथे आलो. तुझं तोंड बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

नळी बरोबर आहे. कुणीतरी तो हुकूम वर नेऊन वाचायला हवा, एवढंच काम आहे. तीनशे वर्षांत आपल्यापैकी एकालाही दोन कोस चढवले नाहीत. नामा इथेच आहे, रजा काढून आलाय. भला माणूस. त्याची बायको जयवंता पाच महिन्यांची गरोदर आहे. हे पत्र तो संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचवील.

तुला काळजी वाटेल म्हणून सांगतो. हुकुमात सतराच नावं आहेत, अठरावं नाही, हे माझ्या लक्षात आलंय. तो तेव्हा खालीच होता, त्याला रजा कशाला लागेल? मलाही लागणार नाही. हुकूम वाचला की माझं काम संपलं. धाप आज लागलेली नाही, हे नवल.

दिवे लागले की उतरतो. रात्री जेवायला तुझ्याकडे. कुळथाचं पिठलं कर, आणि भात मऊ नको. आलोच.

हरी


कोटवाडी,
गुरुवार, ता. १५ मार्च १९४५

चि. हरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. देवडीतल्या कोनाड्यात ठेवणार आहे, दगडाखाली.

मी पिठलं केलं होतं. नामा पत्र घेऊन आला तेव्हा ते चुलीवर रटरटत होतं. गाडी जोडून निघाले, पण पायथ्याशी पोचले तोवर मालोजी उतरत होता, एकटा. त्याच्या हातात तुझ्या वहाणा आणि रिकामी नळी.

त्यानं सांगितलं ते सांगते, कारण तुझी बाजू तुला ठाऊक आहे, त्याची नसेल. "दादांनी कागद वाचला, बाई. आवाज कसा खणखणीत. एकेक नाव घेतलं आन् रजा दिली म्हनलं. नाव घेतलं की माझ्या अंगावरनं कायतरी जायचं, गार. दरवाज्यातनं खाली. सतरा येळा गेलं. पार शेवटाला चालल्यावानी पानं वाजली, मग सुनं झालं. मी म्हनलं, दादा, चला, झालं आपलं काम. दादा दरवाज्याच्या आतल्या अंगाला उभं. भायेर पाय टाकायला लागलं, पन टाकंना. मला म्हनलं, मालोजी, माझं नाव ह्यात नाय. हसलं जरासं. मी हात धरायला फुडं झालो तर हातात वहाना."

डोंगरातल्या ठाकर आदिवाश्यांनी तीन दिवस दरी धुंडाळली. पोलीस येऊन गेले. त्यांनी लिहून घेतलं, पाय घसरून पडला असावा. हे माझ्यासमोर अजून वर्तमानपत्र उघडत नाहीत.

मालोजी सुटला. गेल्या महिन्यात नामा त्याला खोपोलीला घेऊन गेला. वीजघराचे दिवे बघून तो म्हातारा रस्त्यातच बसून राहिला म्हणे, उठेना. सोनाबाई माझ्या पायाशी पडायला आली. मी पडू दिलं नाही. मला तिचा रागही येतो आणि नाहीही, काय करू.

काल अवस होती. हजेरी घ्यायला मेटकऱ्यांचं काही उरलं नव्हतं, पण मी वर गेले. एकच पान मांडलं. मला दरवाज्यातून आत काही दिसलं नाही, कारवी तेवढी. दिवेलागणीला तुझं नाव घेतलं, आबांच्या नावासकट. पहिल्या हाकेला तू गप्प. दुसरीला गप्प. इतकी वर्षं पाठ करून घेतलेलं आबांचं शिकवणं तू तिथेही मोडत नाहीस. तिसरीला ओ आली, अगदी आतल्या अंगानं, हात लांबवला तर लागेल इतक्यावर.

ते सतरा जण हाजीर म्हणायचे. तू आलो म्हणालास.

मी थांबले. अंधार झाला तशी जना मला ओढून खाली घेऊन आली.

आता मी कोटवाडीतच राहते, कोटाच्या सावलीत निजते. हे शनिवारी येतात. माझी खाट त्यांनीच गाडीवर बांधून दिली. ते म्हणतात, दप्तरखान्यात जाऊन बघतो, असा हुकूम आज कोण देऊ शकेल. ते राज्य गेलं, ते सरकार गेलं. तुला रजा द्यायचा अधिकार कुणाच्या हातात आहे ते मला कळत नाही. कळलं की दोन कोस मी धावत चढेन, एवढं लक्षात ठेव.

आपल्या घराण्यात आलो म्हणतात आणि येत नाहीत, हे मला आता ठाऊक आहे. तरी रोज रात्री मी दोन पानं वाढते. पिठलं कुळथाचंच असतं, आणि भात मऊ होऊ देत नाही.

तुझी,
ताई